कागदाची सफरचंदं

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की आमच्या शाळेत मुख्य ऑफिसातून एक खोकं येतं आणि माझं डोकं फिरतं. त्या खोक्यात ॲपल वीक असतो. वर बसलेल्या कुणीतरी ठरवून टाकलंय की ऑक्टोबर म्हणजे पानगळ आणि पानगळ म्हणजे सफरचंद. मग वसईतल्या माणिकपूरच्या तीन-चार वर्षांच्या पोरांनी आठवडाभर सफरचंदं रंगवायची, कापायची, चिकटवायची, टबात टाकून तरंगतात की बुडतात ते बघायचं. सोबत एक तक्ता असतो. त्यावर लाल-पिवळी पानं गाळणारं झाड आणि त्याखाली टोपली घेतलेली, मफलर गुंडाळलेली मुलगी. इकडे अंगाची लाही लाही होत असते, पंख्याखाली बसूनही पोरांच्या मानेवर घामोळं उठलेलं असतं. एकदा एकानं तक्त्याकडे बघून मला विचारलं, "टीचर, हिचा गळा दुखतोय का?"

मी मूळची निर्मळच्या बाजूची. घरी केळीची बाग. केळीचं पान गळत नाही, ते झाडावरच वाळून लोंबत राहतं आणि कोयता घेऊन कापावं लागतं. सफरचंद आमच्या घरात एकाच कारणानं यायचं, कुणी अंथरुणाला खिळलं की. भेटायला येणारा प्रत्येकजण पिशवीत पांढऱ्या जाळीतली चार सफरचंदं घेऊन यायचा आणि खाटेशेजारी ठेवून हळू आवाजात बोलायचा. वडील शेवटचे आजारी होते तेव्हा घरभर सफरचंदांचा वास भरला होता. ते गेल्यावर उरलेल्यांना कुणी हात लावेना. शेवटी आईनं ती टोपलीभर उचलली आणि म्हशीपुढे नेऊन ओतली. म्हणून म्हणते, मला हे फळ कधी आनंदाचं वाटलंच नाही. ॲपल वीकचं गाणं मी हसतमुखानं म्हणते, कारण त्याचा पगार मिळतो.

आमची शाळा एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर, दोन गाळे जोडून केलेली आहे. वरच्या मजल्यावर नर्सिंग होम. त्यांचा जिना आमच्या दाराला लागूनच, आणि जिन्याच्या तोंडाशी फळवाल्याची हातगाडी. शहाळी आणि सफरचंदं, बाकी काही नाही. आम्ही खाली कविता म्हणत असतो आणि वर औषधांच्या ढकलगाडीची चाकं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजत जातात. कधी लोखंडी खाट सरकते, कधी कुणी पाय ओढत चालतं. सवय झाली की ते ऐकू येईनासं होतं. मलाही येईनासं झालं होतं, ती मुलगी येईपर्यंत.

तीन वर्षांपूर्वी ती गणपतीनंतर आमच्याकडे आली. चार वर्षांची, दोन घट्ट वेण्या, आवाज जवळजवळ नाहीच. प्रवेशासाठी तिचे वडील आले होते. हेल्मेट हातातच धरून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, तिची आई पावसाळ्यात गेली. आधी याच बिल्डिंगमध्ये, वरच्या नर्सिंग होममध्ये होती. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं आणि तिथे गेली. पोरीनं आईला शेवटचं पाहिलं ते या जिन्यावर, कठडा धरून वर चढताना. अंत्यविधीच्या दिवशी तिला नातेवाइकांकडे ठेवलं होतं.

"तिला सांगितलेलं नाही, टीचर. तुम्हीपण सांगू नका. आई हॉस्पिटलात आहे, बरी झाली की येईल, एवढंच."

"आणि सांगणार कधी?"

"नाताळ होऊ दे."

नाताळ होऊ दे! मला राग आला. लेकराला असं टांगून ठेवणं मला पटत नाही, आणि खोटं बोलणं तर मुळीच नाही. पण त्यांचे डोळे बघून मी जीभ आवरली आणि सांगणार नाही म्हटलं.

तिला आणायला-सोडायला आजी यायची, आईची आई. पाचूबंदरची कोळीण. मुलगी गेल्यावर नातीसाठी माणिकपूरला जावयाकडे येऊन राहिलेली, पण मासळीचा धंदा सोडलेला नाही. बाजारातली पाटी शेजारणीवर सोपवून ती बाराच्या ठोक्याला हजर व्हायची. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दुसऱ्या शाळेत ही पाय ठेवीत नवती. हितं आली आनि रडायची थांबली. मना काय कळला नाय."

मला कळायला दोन दिवस लागले. वर्गात सगळी पोरं मातीचे गोळे वळत होती. वर ढकलगाडीची चाकं वाजली. तिनं हातातला गोळा खाली ठेवला आणि मान वर करून छताकडे बघत राहिली. चाकं गेली त्या दिशेनं तिची नजर सरकत गेली, थेट कोपऱ्यापर्यंत. मग शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, "माझी मम्मी चालतेय."

माझ्या अंगावर काटा आला. भर सकाळी, वीस पोरांच्या गलक्यात.

मग तो परिपाठच झाला. वर काही वाजलं की ती वर बघायची. हळूहळू तिचं बघून बाकीची पोरंही बघू लागली, कशासाठी ते माहीत नसताना. कवितेच्या मधेच सगळ्या माना एकदम वर व्हायच्या आणि वर्ग गप्प व्हायचा. मी ओरडून त्यांना खाली आणायचे. पण खरं सांगते, माझीही मान जायची. वर कुणी पाय ओढत चाललं की मला त्या न पाहिलेल्या बाईचा पाय दिसायचा.

अशात ॲपल वीक आला.

पहिल्या दिवशी खरी सफरचंदं दाखवायची असतात. मी खालच्याच गाडीवरून घेतली आणि टेबलावर मांडली. पोरांनी त्यांच्यावरचे स्टिकर काढून कपाळाला टिकल्या लावल्या, हशा झाला. ती मात्र टेबलाजवळ आली, सफरचंदांकडे बघितलं आणि मला विचारलं, "कोण आजारी आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही गं. आपण यांचे ठसे काढणार आहोत."

तिला ते पटलं नाही. मी सफरचंद आडवं कापलं, आतली बियांची चांदणी दाखवली, पोरं ओरडली. अर्धी फोड लाल रंगात बुडवून कागदावर दाबायची. तिनं एकच ठसा काढला, पण इतका जपून की चांदणीची पाचही टोकं उमटली. वाळेपर्यंत कागदाजवळून हलली नाही. शाळा सुटताना तो माझ्या हातात दिला.

"मम्मीला द्या. वर."

आजी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि घाईनं मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा. मी म्हटलं, "देते."

झालं. बोलून बसले. दुसरी कुणी असती तर तिनं तो कागद कपाटात सारला असता किंवा केराच्या डब्यात. माझ्यानं ते होईना. देते म्हटलं म्हणजे द्यायला पाहिजे. पोरं गेली, शाळेच्या मावशीनं फरशी पुसली, तरी मी तो ठसा घेऊन बसले होते आणि वर चाकं वाजत होती. शेवटी उठले आणि देवळाकडे चालू लागले. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. देवळामागे दफनभूमी आहे.

भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं, चाफ्याखाली तेवढी सावली. नवी कबर शोधायला वेळ लागत नाही. माती बसेपर्यंत वर फरशी घालत नाहीत, नुसता लाकडी क्रूस असतो. क्रूसावरचं नाव वाचलं, प्रवेशाच्या कागदावर आईचं जे नाव होतं तेच. वर्गात वीस पोरांना गप्प करणारी मी, मातीपुढे चाचरत उभी. "तुमच्या मुलीनं दिलंय," एवढंच म्हटलं, कागद क्रूसाच्या पायाशी ठेवला आणि वर दगड ठेवला. परत फिरताना मागे बघितलं नाही. भीती वाटली म्हणूनच नाही बघितलं, उगाच दुसरं काही कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ती दारातच उभी. "दिलं?"

"दिलं."

"काय बोलली?"

"काही नाही बोलली. पण ठेवून घेतलं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती हसली, पहिल्यांदाच. तिचे पुढचे दात किडलेले होते हे मला त्या दिवशी कळलं.

मग रोज एक. क्रेप कागदाचे बोळे चिकटवलेली पेपर प्लेट. कणकेचं सफरचंद, लवंगेचं देठ लावलेलं. पुठ्ठ्याच्या सफरचंदातून लोकरीची अळी ओवायची असते, तेव्हा तिनं अळी ओवायला साफ नकार दिला. "आजारी माणसाला किडकं देत नाहीत," म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे बाई तुझं, आणि अळी खोक्यात परत टाकली. रोज दुपारी मी ते घेऊन देवळामागे जायचे, पिशवीत लपवून, चोरी केल्यासारखी. एका संध्याकाळी गडगडाट होऊन पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी बघते तर ठशाचा रंग मातीत उतरलेला, आणि मातीवर लालसर डाग. मला ते बघवेना. घरून जाड प्लास्टिक आणलं आणि सगळ्यावर झाकलं, कडेनं दगड लावले.

आठवड्याच्या शेवटी प्रयोग असतो. सफरचंदाचे दोन अर्धे करायचे, एकाला लिंबू चोळायचं, एकाला नाही. तासाभरानं बिनलिंबाचा अर्धा काळा पडतो, दुसरा पांढराच राहतो. पोरांना वाटतं टीचरनं जादू केली. ती दोन्ही फोडींकडे कितीतरी वेळ बघत राहिली. काळी पडलेली बोटानं चाचपली. मग छताकडे बघितलं.

"मम्मीला लिंबू लावतात का?"

मावशी हातातली बादली तशीच ठेवून बाहेर निघून गेली. मी म्हटलं, चला, हात धुवा.

हात पुसताना ती माझ्याजवळ आली. "टीचर, तुम्ही जिना चढतच नाही. आजीबरोबर मी रस्त्यावरून बघते. तुम्ही तिकडे जाता." तिनं देवळाच्या दिशेला बोट केलं.

पकडली गेले. चार वर्षांच्या पोरीनं मला खिंडीत गाठलं. वडिलांना दिलेला शब्द एकीकडे आणि समोर ते तोंड.

"मम्मी वर नाहीये आता," मी म्हटलं. "तिला देवळाजवळ नेलंय. मी तिथे देते."

"तिथे पण बेड आहे?"

"तिथे झोपलीय ती," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि चपला घालायला गेली. चपला उलट्या घातल्या, मी बदलल्या नाहीत.

ऑक्टोबर संपत आला तशी गावागावांत कबरींची साफसफाई सुरू झाली. दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस. त्याआधी घरोघरची माणसं जाऊन गवत उपटतात, माती सारखी करतात, मग त्या दिवशी फुलं, मेणबत्त्या, आणि फादर येऊन प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात. मला हे ठाऊक नव्हतं थोडंच? जन्मभर करत आलेय. पण पाचूबंदरची आजी साफसफाईला जाईल आणि ते प्लास्टिक उचलेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

ती शाळेच्या दारात आली तेव्हा दहा वाजले होते. अंगाला मासळीचा वास नाही, हाताला माती. चेहरा पांढराफटक. मला हाताला धरून तिनं जिन्याखाली ओढलं.

"टीचर, माजी पोर हितं येते काय?"

"कोण?"

"माजी पोर. हिची आई. सगला तिच्याजवल हाय. हिनं वर्गात केलेला, सगला. आमी पोरीला कवा नेली नाय तिथं. मंग कोन नेला? तीच येते. लेकराला बघाया येते आनि घेऊन जाते." तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. डोळे चमकत होते. "पोर बोलली मना, मम्मी देवलाजवल हाय. कोनी नाय सांगितला तिला. आईनंच सांगितला असल."

वर चाकं वाजली. आम्ही दोघींनी वर बघितलं.

त्या क्षणी गप्प राहिले असते तर त्या बाईचं म्हातारपण वेगळं गेलं असतं, असं मला कधीकधी वाटतं. पण मी गप्प राहू शकले नाही. म्हटलं, "आजी, मीच ठेवलं. तिनं द्यायला सांगितलं, मी नेऊन दिलं. आणि मीच सांगितलं तिला."

मला वाटलं ती शिव्या देईल, कोळणीच्या तोंडाला लागायची मी तयारी ठेवली होती. तिनं माझा हात सोडला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. चमक कुठल्या कुठे गेली होती.

"मना वाटला, ती आली," म्हणाली. पदरानं हाताची माती पुसत बसली.

संध्याकाळी वडील आले. ते मात्र बोलले, आणि खूप बोलले. विश्वासघात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं, सगळं. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हटलं, "तुमची पोर रोज छताकडे बघत बसते. आईच्या पावलांचा आवाज ऐकते. मला नोकरीवरून काढा हवं तर, पण तिला खाली आणा आधी." ते थांबले. हेल्मेट टेबलावर ठेवलं, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर पोरांच्या त्या बुटक्या खुर्चीवर बसले. किती वेळ रडत होते, मी मोजलं नाही.

दोन नोव्हेंबरला उन्हं उतरल्यावर मी आमच्या गावी वडिलांच्या कबरीवर फुलं घातली आणि रिक्षा करून माणिकपूरला आले. दफनभूमी माणसांनी भरलेली, झेंडू, शेवंती, मेणाचा वास. ती तिघं कबरीपाशी उभी होती. तिच्या वडिलांनी तिला घरीच सांगितलं होतं, काय शब्दांत ते मला ठाऊक नाही. माती सारखी करून तिच्यावर फुलांचा क्रूस काढला होता. आणि त्याच्या पायाशी, आजीनं पुन्हा नीट मांडून ठेवलेली, तिची सफरचंदं. ठसा धुऊन गेलेला, प्लेट वाकडी झालेली, कणकेचं मुंग्यांनी पोखरलेलं.

मी थोडी लांबच उभी राहिले. ती उकिडवी बसून एकेक वस्तू बघत होती. मुंग्या बोटानं झटकल्या. मग वर बघून म्हणाली, रडत नव्हती, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"ही कागदाची होती. म्हणून बरी नाही झाली."

मी आयुष्यात पुष्कळ काही ऐकलंय, पण असं काळीज कापणारं काही नाही. वडिलांनी तोंड फिरवलं. मी पुढे झाले. ते शिकवणारी मीच होते ना, कागद घ्या, गोंद लावा.

आजी खाली बसली. इतके महिने "येल, बरी जाली की येल" म्हणणारी ती बाई. तिनं नातीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"नाय, बाय. खरी पन दिलती. मी दिलती. रोज बाजारातून नेऊन, चिरून, माज्या हातानं भरवलती. खऱ्यानं पन नाय जाली बरी." तिनं ते हात घट्ट दाबले. "तुजी आई मेली, बाय. कशानंच बरी जाली नाय."

पोरगी तिच्या मांडीत शिरली, आणि दोघी रडल्या, मोठ्यानं, आजूबाजूच्या कबरींवरची माणसं वळून बघेपर्यंत. मी एक मेणबत्ती लावली आणि निघाले.

मला काही नोकरीवरून काढलं नाही. ती सोमवारी शाळेत आली. खोक्यातला आठवडा केव्हाच संपला होता, नाताळचे तारे चिकटवायला घेतले होते. मधेच वर ढकलगाडीची चाकं वाजली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सवयीनं सगळ्या पोरांच्या माना वर झाल्या, एकीची सोडून. ती ताऱ्याच्या टोकाला गोंद लावत होती, जीभ बाहेर काढून, जपून.

आता ती मोठ्या शाळेत जाते. खोकं याही ऑक्टोबरला आलं. मी सफरचंदं त्याच गाडीवरून घेतली, आडवी कापली, चांदणी दाखवली. नव्या पोरांना वरचे आवाज ऐकूच येत नाहीत. ऐकते ती मीच. चाकं वाजली की माझी मान वर जाते, आणि पोरं विचारतात, टीचर, वर कोण आहे?